बटण गेलं, अंग आलं: व्हीआर लढतींतल्या नवशिक्यांच्या धड्यांची पार्श्वभूमी

माझा भाचा बेळगावजवळच्या कंग्राळीचा. चार वर्षं गावातल्या तालमीत जातो. मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका गेमिंग झोनमध्ये त्याने पहिल्यांदा व्हीआर हेडसेट लावला, म्हणजे डोळ्यांवर बांधायचं, आपण खेळाच्या आतच उभे आहोत असं भासवणारं यंत्र. खेळ बॉक्सिंगचा होता. डोळ्यांसमोर हवेत एक पाटी उभी राहिली, तिच्यावर इंग्रजीत चार ओळी, आणि लगेच घंटा. पोरगं सवयीप्रमाणे वाकून समोरच्याचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला गेलं आणि हात त्या माणसाच्या मांडीतून आरपार गेले. ‘मामा, ह्याला धरायलो तर हाताला कायच लागंना की!’ दीड मिनिटात तो हरला. हेडसेट काढला, घाम पुसत बाकावर बसला, आणि पुन्हा काही लावला नाही.

ज्या पोराला रोज पहाटे आखाडा उकरायचा कंटाळा येत नाही, त्याला शिकायचा कंटाळा आहे असं मी मानणार नाही. त्याला शिकवलंच गेलं नाही. लढतीच्या खेळांत नवशिक्याला शिकवायची रीत कशी घडली आणि व्हीआरमध्ये ती कुठे अडली, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

१९९१ साली कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा लढतीचा व्हिडिओ गेम आला तेव्हा शिकवणी म्हणजे मशिनवर चिकटवलेला एक कागद: दांडा खाली, तिरका, पुढे, मग ठोशाचं बटण. आमच्या खडेबाजाराच्या बाजूच्या व्हिडिओ गेम पार्लरात तो कागदही नव्हता. रुपयाचं नाणं टाकायचं, हरायचं, आणि मग मागे उभं राहून मोठ्या पोरांची मनगटं बघायची. शिकवणारा होता, पण तो मशिनच्या बाहेर होता. खेळ घराघरांत गेले तेव्हा ही मागची गर्दी नाहीशी झाली आणि तिची जागा खेळालाच भरावी लागली. त्यातून सराव मोड आला. समोर एक स्थिर प्रतिस्पर्धी, वेळेचं बंधन नाही, कितीही मारा.

सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर ४’ची प्लेस्टेशन २ वरची आवृत्ती २००२ ची. तिच्यातला सराव विभाग आजही नावाजला जातो. २०१२ च्या ‘स्कलगर्ल्स’ने आणखी एक पाऊल टाकलं. वरून येणारा फटका उभ्याने अडवायचा, खालचा बसून, आणि कुठला येणार हे आधी कळणार नाही, हे त्या खेळाने प्रत्यक्ष करवून शिकवलं. डाव पाठ करणं एक आणि समोरच्याचा अंदाज घेणं दुसरं, हा फरक खेळाच्या आतच धडा म्हणून आला. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने तर नवख्यांसाठी अवघड डाव एका बटणावर आणून ठेवले. म्हणजे बोटांचा अडसर काढून टाकायला या खेळांना तीस वर्षं लागली.

व्हीआरमध्ये बोटांचा प्रश्नच उरला नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले. त्याच वर्षी आलेल्या ‘द थ्रिल ऑफ द फाइट’मध्ये ठोसा मारायला ठोसाच मारावा लागतो आणि दमलात तर तुम्ही खरोखरच दमलेले असता. बटण नाही म्हटल्यावर पुष्कळ खेळ करणाऱ्यांनी असं धरून चाललं की शिकवायलाही फारसं काही नाही. हात तर प्रत्येकाला हलवता येतात. माझ्या मते हीच मूळ चूक.

कारण हवेत ठोसा मारताना समोरून काहीच अडवत नाही. खऱ्या अंगावर हात बसला की अंतर चुकलं का, खांदा मागे राहिला का, हे तो धक्काच सांगतो. हेडसेटमध्ये हातातला कंट्रोलर फक्त थरथरतो. मग नवखा माणूस हात भिरभिरवत सुटतो आणि दोन मिनिटांत खांदे भरून येतात. २०१८ च्या ‘क्रीड: राइज टू ग्लोरी’ने यावर एक तोड काढली: दम संपला की पडद्यावरचे हात तुमच्या हातांपेक्षा मंद होतात, म्हणजे उगाच झोडपण्यात फायदा राहत नाही. कल्पना चांगली, पण ‘माझे हात माझं का ऐकत नाहीत’ हे नवख्याला आधी कुणीतरी सांगायला हवं ना.

त्यात जागेचीही अडचण. चालत-फिरत खेळायला साधारण ६.५ फूट लांब-रुंद मोकळी जागा हवी, म्हणजे आपल्याकडच्या घरात कॉट भिंतीला सरकवल्यावर उरते तेवढी. कंट्रोलरवरच्या छोट्या दांड्याने पुढे-मागे सरकायचा खेळ असेल तर डोळ्यांना चाल दिसते, कानातल्या तोलाला ती जाणवत नाही, आणि मळमळतं. आणि हवेतली पाटी! पहिल्या रिफ्टमध्ये एका डोळ्याला १०८० गुणिले १२०० ठिपके होते. तेवढ्यात बारीक अक्षर धुरकट दिसायचं. आमच्या भागातल्या मराठी-कन्नड पोराला तर वरून इंग्रजी. हात हलवायच्या वेळी त्याला वाचायला लावलं जातं.

वाचायला न लावता शिकवता येतं, हे डिसेंबर २०१६ मध्येच दिसलं होतं. ऑक्युलसच्या टच कंट्रोलरसोबतच्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये एक छोटा रोबो वस्तू हातात देतो, तुम्ही ती घेऊन यंत्रात घालता, आणि पकडणं, सोडणं, दाबणं सगळं आपोआप अंगवळणी पडतं. लढतींच्या खेळांनी हा धागा तेव्हाच उचलायला हवा होता.

आमच्या तालमीत तो कधीचा आहे. नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला डाव सांगतच नाही. आधी जोर-बैठका, मग आखाड्यातल्या मातीच्या हौद्यात नुसतं उभं राहणं. भाच्याच्या पहिल्या दिवसांत मी स्वतः पाहिलंय: वस्तादांनी त्याचा पुढचा पाय आपल्या पायाने वीतभर बाहेर सरकवला, मानेवर हात ठेवून हलकं खेचलं, पोरगं तोंडावर आलं. पाय परत सरकवला, परत खेचलं. चौथ्यांदा ते हललं नाही. ‘आता कळलं?’ एवढंच बोलले. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांची वय, ताकद आणि तयारीनुसार वर्गवारी आहे आणि खांबावरच्या सरावाचाही उल्लेख आहे. मल्लखांब म्हणजे तरी काय, उलट वार न करणारा जोडीदारच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी तो घडवून वाढवला. सराव मोडमधल्या त्या स्थिर प्रतिस्पर्ध्याशी त्याचं नातं मला फार जवळचं वाटतं, फक्त खांबाला मिठी मारता येते आणि चुकलं की कातडी सोलते.

म्हणून व्हीआरच्या पहिल्या धड्यात ठोसा नसावा. आधी उभं राहणं, मग हात पूर्ण लांब केल्यावर मूठ कुठे पोचते ते समोरच्या पुतळ्याच्या छातीवर खूण करून दाखवणं, मग एक पाऊल मागे. सूचना कानात, आपल्या भाषेत. समोर अर्ध्या वेगाने तीच हालचाल करणारा वस्ताद, आणि त्याच्या शेजारी उभं राहायची मुभा, कारण समोरून बघताना नवख्याचा डावा-उजवा हमखास उलटतो. धरता येणार नाही, हेही तिथेच एकदा हात आरपार घालून कळू द्यावं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द थ्रिल ऑफ द फाइट २’ची सुरुवातीची आवृत्ती आली आणि तिच्यात हेडसेटमधून खऱ्या माणसाशी लढता येतं. आखाड्यात वजन आणि तयारी बघूनच जोड लावतात. आठवड्याच्या पोराला कुणी चार वर्षांच्या पैलवानापुढे सोडत नाही. भाचा अजून म्हणतो की त्याला परत जायचंय, पण आधी ‘कुणीतरी नीट सांगणारं’ पाहिजे.