लाल टोपीवाली : आधुनिक पुनर्कथने

आजारी आजीला खाऊ पोचवण्यासाठी रानातून निघालेली मुलगी आणि आजीचे सोंग घेऊन अंथरुणात दबा धरून बसलेला लांडगा यांची ही यूरोपीय कथा लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ३३३ या क्रमांकाखाली येते. तिला परीकथा म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिच्यात परी कुठेच नाही. मुलांसाठी ती नव्याने सांगणाऱ्याला आधी एकच गोष्ट ठरवावी लागते : मुलीला वाचवायचे कोणी?

शार्ल पेरो याने १६९७ मध्ये छापलेल्या फ्रेंच कथेत तिला कोणीच वाचवीत नाही. लांडगा तिला खातो, गोष्ट तिथेच संपते आणि खाली पद्यात उपदेश येतो. ग्रिम बंधूंनी १८१२ च्या जर्मन संग्रहात शिकाऱ्याला आणले. तो झोपलेल्या लांडग्याचे पोट कात्रीने कापून आजी आणि नात दोघींना जिवंत बाहेर काढतो, आणि मग मुलगीच धोंडे आणते व ते त्या पोटात भरले जातात. बालपुस्तकांत बहुधा हाच शेवट रुळला आहे.

विसाव्या शतकातील विनोदी लेखकांनी शिकाऱ्याला रजा दिली. जेम्स थर्बरच्या १९३९ मधील छोटेखानी कथेत मुलगी लांडग्याला पाहताक्षणी ओळखते आणि टोपलीतून पिस्तूल काढते. रोआल्ड डालच्या १९८२ मधील पद्यकथेत तर कान-डोळ्यांनंतर ती दातांविषयी विचारायचे सोडून लांडग्याच्या केसाळ कोटाचे कौतुक करते, तेव्हा ठरलेला प्रश्न चुकला म्हणून लांडगाच वैतागतो. पुढे तोच कोट अंगात घालून ती रानात मिरवते.

मुलीचे हे धीट रूप आधुनिक मानले जाते, पण ते तितकेसे नवे नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या खेड्यांतून टिपून घेतलेल्या मौखिक कथेत मुलगी परसाकडे जाण्याचे निमित्त सांगते, पायाला बांधलेली दोरी अंगणातील आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधते आणि पळून जाते. त्या कथेत लाल टोपीही नाही; ती पेरोची भर.

बदलाचा आग्रह कधी भलत्याच ठिकाणी येऊन थांबतो. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील काही शाळांमधून ग्रिम यांच्या कथेवर आधारलेले एक सचित्र पुस्तक दूर करण्यात आले, ते टोपलीत वाइनची बाटली होती म्हणून. गिळलेल्या आजीबद्दल तक्रार नव्हती.

मराठीतील भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट या कथेचे पुनर्कथन नव्हे, तरी रान, हिंस्र श्वापद आणि एकटीचा प्रवास तिच्यातही आहे. तिथे खाऊ पोचवणारी नात नाही. म्हातारी स्वतःच लेकीकडे निघते, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते असे सांगून वाघाला थोपवते आणि परतताना भोपळ्यात बसून त्याच्या डोळ्यांदेखत टुणूक टुणूक निघून जाते.