पंख नाहीत, तरी राणीच

‘पंख असेल ती राणी, नसेल ती कामकरी’ हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. चुकीचं आहे. पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या मुंग्यांत नरही असतात, आणि राणी तर मीलनानंतर स्वतःचे पंख गाळूनच टाकते.

नामिब वाळवंटातल्या ऑसिमर्मेक्स मुंग्यांत तर राणीला पंख कधी नसतातच. पंख फक्त नराला. भर दुपारी, उन्हाने मेलेले किडे गोळा करत पळणाऱ्या कामकरी मुंगीशेजारी राणी ठेवली, तर पटकन ओळखू येणार नाही. फरक पोटात आहे: तिथे शुक्राणू साठवण्याची पिशवी असते आणि अंडाशयही मोठं.

छातीकडेही बघा. उडणाऱ्या राणीची छाती फुगीर असते, कारण आत उड्डाणाचे स्नायू असतात. पुष्कळ जातींत पंख गळाल्यावर तेच स्नायू विरघळतात आणि त्या पोषणावर एकटी राणी पहिली पिल्लं वाढवते. बिनपंखी राणीकडे ही शिदोरी नसते. त्यामुळे अशा राण्या सहसा कामकऱ्यांचा लवाजमा घेऊन, चालतच नवं वारूळ थाटतात.

आणि ‘मुंगीला पंख फुटले’? मोठ्या झालेल्या मुंगीला ते कधीच फुटत नाहीत. कोशातून पंखांसकट बाहेर येते, नाहीतर जन्मभर बिनपंखी.