७२० × ५७६ चा घोळ: मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर उतरवण्याची पार्श्वभूमी

इंदूरमधल्या रामबागेतल्या, नारायण बागेतल्या कितीतरी मराठी घरांत १९९८ ते २००८ या काळातली लग्नं, मुंजी आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले ट्रकवरचे हलते देखावे) अजून मिनीडीव्ही, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेटमध्येच आहेत. आता त्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यायची घाई सुरू झाली आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किस में निकालें, फुल एचडी में?’ इथूनच गाडी रुळावरून घसरते. डीव्ही टेपवर चित्र आधीच आकड्यांच्या रूपात लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ते ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. फायरवायरच्या (कॅमेरा संगणकाला थेट जोडणाऱ्या डिजिटल जोडणीच्या) वायरीने ते संगणकावर घेणं म्हणजे निव्वळ नक्कल करणं. तिथे रिझोल्यूशन निवडायला जागाच नाही.

निवडायची सवय लागली ती व्हीएचएसच्या जमान्यात. तो सिग्नल अ‍ॅनालॉग, त्याचे ठिपके पाडायचं काम कॅप्चर कार्डाचं, आणि किती पाडायचे ते आपण ठरवायचं. व्हीसीडी करायची असेल तर ३५२ बाय २८८ पुरे, नाहीतर ७२० बाय ५७६. काही कार्डं ७६८ बाय ५७६ सुद्धा देत. मिक्सिंग लॅबवाल्यांच्या, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ जोडून देणाऱ्यांच्या, हाताला ते वळण पडलं आणि डीव्ही आल्यावरही सुटलं नाही.

डीव्ही आलं १९९५ मध्ये. चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाची कॅसेट साधारण १३ जीबी. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण ज्या काळात ४० जीबीची हार्ड डिस्क मिरवायची वस्तू होती, त्या काळात दोन कॅसेट उतरवल्या की डिस्क अर्ध्याहून अधिक भरे. शिवाय डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे, म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटांत सप्तपदी अर्ध्यावर तुटायची. मग जागा वाचवायला लोक कॅप्चर करतानाच चित्र लहान करत. विंडोज एक्सपीबरोबर फुकट मिळालेला मूव्ही मेकर तर खास सांगितल्याशिवाय डीव्ही ठेवतच नसे, दाबलेली डब्ल्यूएमव्ही फाइल हातात देई. कॅमेऱ्याला यूएसबीची खाच असे, ती आणखी फसवी. बऱ्याच मॉडेलांत ती फोटो काढून घ्यायला किंवा वेबकॅमपुरती होती आणि तिच्यातून येणारा व्हिडिओ टपाल तिकिटाएवढा. त्या वेळी ‘डिजिटल कॉपी’ म्हणून घरी आलेल्या कित्येक सीड्यांचं मूळ हे असं आहे.

खरा वाद मात्र त्या ७२० चाच आहे, आणि तो डीव्हीपेक्षा जुना आहे. १९८२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे एशियाडसोबत रंगीत दूरदर्शन आलं त्याच वर्षी, स्टुडिओतल्या डिजिटल व्हिडिओसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. टीव्ही चित्राच्या अमेरिकेत ५२५ ओळी आणि युरोपात ६२५, दोघांनाही चालेल असा नमुने (म्हणजे ठिपके) पाडायचा एकच वेग हवा होता. तो ठरला १३.५ मेगाहर्ट्झ. या वेगाने ६२५ च्या पद्धतीत (आपलं पाल त्यातलंच) एका ओळीचे ८६४ नमुने पडतात, त्यांतले ७२० चित्रासाठी ठेवले. तडजोड म्हणून ती उत्तमच होती. पण पालची ओळ प्रत्यक्षात ५२ मायक्रोसेकंद दिसते, आणि त्या वेळात नमुने पडतात ७०२. उरलेले १८ ही कडेची मोकळीक. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्या कडेला काळी चिंधी दिसते ती हीच. टीव्हीच्या चौकटीत ती लपायची, संगणकाच्या पडद्यावर उघडी पडली.

आता जुन्या टीव्हीच्या आकाराचं, ४:३ चं चित्र कोणतं, पूर्ण ७२० चं की मधल्या ७०२ चं? पूर्ण धरलं तर पिक्सेलची रुंदी उंचीच्या १.०६७ पट आणि संगणकाच्या चौरस पिक्सेलमध्ये चित्र ७६८ बाय ५७६. मधलं धरलं तर १.०९४, आणि पूर्ण चित्र ७८८ रुंद. एका नामांकित एडिटिंग सॉफ्टवेअरने वर्षानुवर्षं १.०६७ चालवलं आणि २००८ च्या आवृत्तीत १.०९४ केलं. जुना प्रोजेक्ट नव्यात उघडला की टायटल आणि चित्र यांचा मेळ बसेना. शिफारशीच्या हिशेबाने १.०९४ च बरोबर आहे. पण बदल इतक्या उशिरा केल्याने घोळ मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला, असं माझं मत आहे. दोन्हींत फरक अडीच टक्क्यांचा, तो लग्नाच्या व्हिडिओत कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही. खुपतं ते दोन्ही विसरून ७२० बाय ५७६ जसंच्या तसं दाखवणं. झांकीतल्या देवामागचं फिरतं चक्र उभट अंडाकृती होतं. नवरानवरी सडपातळ दिसतात, म्हणून तक्रार येत नाही इतकंच.

२००३ मध्ये एचडीव्ही, म्हणजे डीव्ही कॅसेटवरच एचडी, आलं आणि गोंधळात भर पडली. कॅसेट तीच, बिटरेट तोच २५ मेगाबिट, पण चित्र १४४० बाय १०८०, तेही एमपेग-२ या वेगळ्या दाबपद्धतीत आणि १.३३३ च्या पिक्सेलने. शिवाय कॅमेऱ्याच्या मेन्यूत एचडीव्हीचं डीव्ही करून पाठवायची सोय. ती चालू राहिली तर एचडीत शूट केलेला समारंभ गुपचूप ७२० बाय ५७६ होऊन संगणकात येई आणि कुणाला पत्ता लागत नसे. टेपवर प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डांत, लिहिलेली असते. त्या फील्डचा क्रमही उलटा होता: डीव्हीत खालचं फील्ड आधी, एचडीव्हीत वरचं. एकाच टाइमलाइनवर दोन्ही टाकून सेटिंग तपासलं नाही, तर रात्रीच्या मिरवणुकीतली हलती रोषणाई थरथरताना दिसते.

‘फोर के में बना देंगे’ हा अलीकडचा प्रकार. मोठं करायला हरकत नाही, पण आधी फील्ड वेगळी करून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम करायच्या आणि मग वाढवायचं. क्रम उलटला की हलत्या ट्रकच्या कडेला आलेले कंगव्याचे दात कायमचे चित्रात भाजून निघतात. मूळ डीव्ही फाइल कशी आहे तशी जपली तरच ती चूक पुढे दुरुस्त करता येते.

आता फायरवायरच संगणकांतून गेलं आहे. म्हणून पुष्कळ दुकानांत पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरी यूएसबी डोंगलला लावून काम उरकतात: डिजिटल टेपचं अ‍ॅनालॉग, त्याचं पुन्हा डिजिटल. गंमत अशी की रिझोल्यूशन निवडायचा प्रश्न इथे खरोखरच परत आला आहे. डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा एनटीएससी (अमेरिकेची टीव्ही पद्धत) आणि ६४० बाय ४८० निवडलेलं सापडतं. तिथे पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम करून घ्यायचं. जुनं फायरवायर कार्ड बसवलेला पीसी कुणाकडे असेल, तर कॅसेट मात्र त्याच्याकडेच न्यायची.