केरेनची सावली बेळगावात पडते

इटलीत पेरुजियाजवळ मोंतोने नावाचं एक लहानसं गाव आहे. जुलै 2023 मध्ये तिथे नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक उभं राहिलं. ते पुतळ्याचं नाही, सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या सूर्यतबकडीचं आहे. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य हे त्या स्मारकाचं ब्रीद आहे.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. 10 जुलै 1944 रोजी त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे जवान मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडग्यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, बॉम्ब टाकून मशिनगन गप्प केली आणि काडतुसं भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदूक नळीकडून धरून शेवटच्या दोघांना संपवलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे, कारण कबर अशी नाहीच. इटलीच्या मोहिमेत पडलेल्या 5,782 भारतीय जवानांपैकी ते एक.

घाडगे बेळगावचे नव्हते, हे खरं. पण मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र, 1922 पासून बेळगावात आहे, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत कित्येक घरांत कुणी ना कुणी फौजेत असतंच. तेव्हा हक्क सांगायला हरकत नसावी. असंच सूर्यतबकडीचं स्मारक आपल्याकडे करायचं ठरलं, तर मोंतोनेच्या तबकडीची हुबेहूब नक्कल चालेल का?

चालणार नाही. कारण भूमितीचं आहे.

तबकडीवर सावली पाडणाऱ्या कडेला इथे शंकू म्हणू. ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर हवी, म्हणजे तिचं टोक ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं हवं. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास तेवढाच वर दिसतो, जेवढा त्या गावाचा अक्षांश. मोंतोनेचा अक्षांश सुमारे 43 अंश, बेळगावचा 15 अंश 51 मिनिटं. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांचं आभाळ झाकते. त्या हिशेबाने येळ्ळूरच्या राजहंसगडावरून ध्रुवतारा दीड मूठ उंच दिसेल, तोही हवा स्वच्छ असेल तर. इटलीत रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाला तोच तारा चार मुठींहून वर दिसत असणार.

शंकूचा कोन बदलला की तासांच्या रेघाही बदलतात. सपाट तबकडीवर मोंतोनेला बारा आणि एकच्या रेघांमध्ये सुमारे 10 अंशांचं अंतर पडतं. बेळगावात तेच जेमतेम 4 अंश, आणि संध्याकाळी पाच ते सहा या एका तासाला मात्र तब्बल 44 अंश! दुपारच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि संध्याकाळच्या ऐसपैस, असं हे घड्याळ वाचायला वैताग आणतं. म्हणून आपल्या अक्षांशावर तबकडी जमिनीवर सपाट न ठेवता विषुववृत्ताच्या पातळीला समांतर, म्हणजे तिरकी बसवणं मला जास्त पटतं. मग प्रत्येक तासाला सरळ 15 अंश. जयपूरच्या जंतरमंतरातलं भलंमोठं सूर्यघड्याळ, म्हणजे सम्राट यंत्र, याचं तत्त्व हेच आहे.

आता घाडग्यांच्या बटालियनची आधीची वाट पाहा. इटलीला जाण्यापूर्वी, मार्च 1941 मध्ये, हीच बटालियन आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला लढत होती. तिथल्या उघड्याबोडक्या डोंगररांगेतली फ्लॅट टॉप नावाची टेकडी 15-16 मार्चच्या हल्ल्यात मराठ्यांनी घेतली. केरेन पडलं 27 मार्चला. दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांची नावं तिथे वेगळ्या स्मारकावर कोरलेली आहेत.

केरेनचा अक्षांश 15 अंश 47 मिनिटं आहे. बेळगावपेक्षा फक्त 4 मिनिटांनी कमी! जमिनीवर मोजलं तर उत्तर-दक्षिण फरक सात-आठ किलोमीटरचा, सांब्र्याच्या विमानतळावर जाऊन यावं एवढासुद्धा नाही. म्हणजे बेळगावसाठी घडवलेली तबकडी उचलून केरेनला नेली, तर शंकूचा कोनही बदलायला नको आणि तासांच्या रेघाही. 15 मार्चला भर मध्यान्ही एक मीटरच्या काठीची सावली बेळगावात साधारण 32 सेंटिमीटर पडते. सुमारे 2 तास 24 मिनिटांनी केरेनचं मध्यान्ह होतं, तेव्हा तिथेही तेवढीच पडते. समुद्रापार गेलेल्या त्या पोरांच्या डोक्यावर दुपारचा सूर्य तरी घरच्याच उंचीवर होता.

सावली आणि मनगटावरचं घड्याळ यांचं मात्र कुठेच जमत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, बेळगाव 74.5 वर, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपण 32 मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य स्वतःच वर्षभरात कधी 16 मिनिटं पुढे तर कधी 14 मिनिटं मागे असतो. 10 जुलैला बेळगावात सूर्य मध्यान्हाला येतो तो 12 वाजून 37 मिनिटांनी. मेलबर्नच्या युद्धस्मारकात दर 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजता छतातल्या छिद्रातून उन्हाचा कवडसा स्मृतिशिळेवर पडतो. पुढे तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचा कायदा झाला आणि कवडसा बाराला पडू लागला. शेवटी आरसे बसवून ऊन वळवावं लागलं. सरकारचं घड्याळ सूर्याने ऐकलं नाही, मग माणसांनीच तडजोड केली.

सपाट तबकडीवर तारखाही धरता येतात. शंकूवर एक लहान मणी बसवला की त्याच्या सावलीचा ठिपका दिवसभरात एक रेघ काढतो आणि ती रेघ ऋतूप्रमाणे सरकते. केरेनच्या 15 मार्चची रेघ जवळजवळ सरळ येईल, कारण विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, आठवड्याभरावर असतो. 10 जुलैची गंमत वेगळीच. तेव्हा सूर्य बेळगावच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते. मीटरभर काठीची फक्त 11 सेंटिमीटर. मोंतोनेला त्याच दिवशी ती उत्तरेला पडते आणि 39 सेंटिमीटर भरते.

अडचण एवढीच, की 10 जुलैला बेळगावात ऊन पाहायला मिळणं म्हणजे नशीब. झड लागलेली असते. पण सूर्य एकाच वाटेने वर्षातून दोनदा जातो, एकदा वर चढताना आणि एकदा खाली उतरताना. 10 जुलैची रेघ 2 जूनच्या आसपासही तशीच उमटते. त्या सुमाराला मृग निघायला चार-पाच दिवस असतात आणि वळवाचे ढग सोडले तर आभाळ बऱ्याचदा मोकळं असतं. गावच्या शाळेत तबकडी बसवायचीच असेल, तर घाडग्यांची रेघ तेव्हा तपासून घ्यावी. केरेनच्या रेघेला ही पंचाईत नाही. मार्चात आपल्याकडे ऊनच ऊन.