व्यावसायिक वैद्यक, नागपूर

कामामुळे उद्भवणाऱ्या किंवा बळावणाऱ्या आजारांचा प्रतिबंध, निदान आणि भरपाईसाठी लागणारे प्रमाणन यांचा विचार करणारी वैद्यकशाखा. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांच्या १७०० मधील ग्रंथापासून तिचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. खाणकामगारांच्या रोगांवरील सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याचे लेखन त्याआधीचे. तथापि रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा दंडक रामात्सीनींचा. नागपुरात या शाखेचा संबंध मुख्यतः कापूस, कोळसा व मँगॅनीज यांच्या धुळीशी आला.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. खेळती हवा आणि हवेतील ओलावा राखण्याची यंत्रणा तिने लवकर बसवली. (ओलाव्याचा पहिला लाभ अर्थात सुताला, ते कमी तुटते.) गिरणीतील खास रोग बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसरोग. ब्लोरूम (कापूस मोकळा व साफ करण्याचे) व कार्डिंग (तो पिंजण्याचे) या खात्यांत त्याचे प्रमाण अधिक. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळते, पुढील दिवसांत आराम पडतो. वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतर मात्र दम कायमचा जडतो. कारणाविषयी मतभेद आहेत. काहींनी बोंडाभोवतीच्या पर्णकांतील (लहान पानांतील) द्रव्यांना दोष दिला, काहींनी ॲलर्जीला. धुळीतील ग्रॅम-ऋण गटातील जीवाणूंचे अंतर्विष (त्यांच्या पेशीभित्तिकेतील विषारी द्रव्य) हे कारण आता अधिक ग्राह्य वाटते. क्ष-किरण चित्रात या रोगाची स्वतःची खूण नसते. त्यामुळे कामाच्या पाळीपूर्वी व पाळीनंतर श्वसनक्षमता मोजणे आणि कामाचा इतिहास नोंदवणे, यांवरच निदान उभे राहते. हे न केल्यास रोगी साध्या दम्याचा ठरतो आणि भरपाईला मुकतो.

मनसर, गुमगाव आदी खाणींमुळे मँगॅनीज-विषबाधेचा प्रश्न जिल्ह्याला जवळचा. स्कॉटलंडमध्ये जेम्स कूपर यांनी १८३७ मध्ये तिचे वर्णन केले. चिडचिड, निद्रानाश, मग निर्विकार चेहरा व टाचा उचलून चालणे, असा क्रम सामान्यतः दिसतो. पार्किन्सन रोगाशी साम्य असले, तरी त्या रोगावरील लेव्होडोपा या औषधाचा उपयोग बहुधा तोकडा पडतो आणि धुळीपासून दूर केल्यावरही लक्षणे वाढू शकतात. म्हणून उपचारापेक्षा ओले वेधन (पाणी सोडत खडकाला भोके पाडणे), वायुवीजन व वेळीच कामबदल यांना महत्त्व. कोळसा खाणींतील फुप्फुसरोग व सिलिकोसिस (सिलिकायुक्त धुळीने होणारा फुप्फुसरोग) यांची क्षयाशी गल्लत होते. सिलिकोसिसच्या रोग्याला क्षय होण्याची शक्यताही अधिक असते.

कारखाने अधिनियम (१९४८) व खाण अधिनियम (१९५२) यांनुसार सूचनीय, म्हणजे सरकारला कळवण्याजोगा ठरवलेला, रोग आढळल्यास वैद्याने तो कळवणे बंधनकारक होते; २०२५ मध्ये या अधिनियमांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिसचा समावेश होता; त्या अधिनियमाचीही जागा २०२५ मध्ये नव्या संहितेने घेतली. कोलार येथे १९९० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था पुढे नागपुरात आली. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्यात आली.

जिनिंग-प्रेसिंगचे (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधण्याच्या कामाचे) मजूर हंगामी असल्याने नियतकालिक तपासणीच्या चौकटीत सहसा बसत नाहीत.