अर्ध्या टक्क्याची भेसळ आणि जगभर फिरणारा कचरा

‘स्वीडनमधला कचरा संपला! आता ते दुसऱ्या देशांकडून कचरा विकत घेतात. आणि आपण?’ हा मेसेज गेली काही वर्षं आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ऋतूसारखा नेमाने येतो. यंदा तो एका भाच्याने टाकला. खाली त्याने जोडलं होतं, ‘मामा, जळगावचा कचरा तिकडे पाठवता नाही का येणार?’ तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा लेख.

स्वीडनमधला कचरा संपलेला नाही. जळू शकणारा कचरा डेपोत पुरायला त्या देशाने २००२ साली बंदी घातली, २००५ साली सेंद्रिय कचऱ्यालाही. मग कचरा जाळून वीज आणि घरं गरम ठेवायला उष्णता देणारे प्रकल्प इतके उभे राहिले की गावचा कचरा त्यांना पुरेना. शिवाय तो कचरा ते विकत घेत नाहीत. नॉर्वे, ब्रिटनसारखे देश कचरा देतात आणि वर त्याच्या विल्हेवाटीचे पैसेही देतात. जाळल्यावर वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राख उरते, आणि धुराड्याच्या गाळणीत अडकलेली बारीक राख तर विषारी असते. त्यातली बरीचशी वर्षानुवर्षं कुठे जात आली? नॉर्वेच्या लांगोया नावाच्या बेटावर, जुन्या चुनखडीच्या खाणीत. म्हणजे कचरा नॉर्वेचा, ऊब स्वीडनची आणि राख पुन्हा नॉर्वेला. फॉरवर्डमध्ये हा उत्तरार्ध नसतो.

आपला कचरा तिकडे न जाण्याचं कारणही साधं आहे. त्यात भाजीची देठं, केळीची सालं आणि पाणी. ओला कचरा जाळायचा तर आधी त्यातलं पाणी उकळावं लागतं, आणि त्यातच उष्णता खर्ची पडते. असो.

जाळण्यासाठी जाणाऱ्या कचऱ्यापेक्षा मला जास्त खुणावतो तो ‘रिसायकल’ करायला जाणारा कचरा, विशेषतः प्लास्टिक. त्याचा व्यापार वाढला तो जहाजांच्या भाड्यामुळे. चीनमधून खेळणी, टीव्ही, कपडे भरलेले कंटेनर अमेरिकेला आणि युरोपला जात. परतीच्या फेरीत त्यांत भरायला तेवढा माल नसे. रिकामा डबा नेण्यापेक्षा नाममात्र भाड्यात काहीही नेलेलं बरं, म्हणून प्लास्टिकच्या आणि रद्दीच्या गाठी परतीच्या वाटेला लागल्या. १९९२ पासून पुढच्या पाव शतकात जगात निर्यात-आयात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यातला सुमारे ४५ टक्के एकट्या चीनमध्ये पोचला.

जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की २४ प्रकारचा कचरा आम्ही घेणार नाही. १ जानेवारी २०१८ पासून बंदी लागू झाली. ज्या कचऱ्याला परवानगी उरली, त्याला मार्च २०१८ पासून अट घातली ती अशी, की भेसळ जास्तीत जास्त ०.५ टक्के. २० टनांच्या कंटेनरमध्ये नको ते पदार्थ १०० किलोंच्या आत! अमेरिकेतले व्यापारी हवालदिल झाले. माल मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, तुर्कस्तानकडे वळला आणि तिथेही वर्षा-दीड वर्षात बंदरावरून कंटेनर परत धाडायला सुरुवात झाली.

हा अर्धा टक्का म्हणजे चिनी सरकारचा हट्ट, असं तेव्हा बरंच लिहिलं गेलं. थोडं राजकारण असेलही. पण अर्धा टक्का म्हणजे काय, हे समजून घ्यायला चीनपर्यंत जावं लागत नाही, धुळे-जळगाव रस्त्यावरची भंगारची वखार पुरते.

अशाच एका वखारीत मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी ट्रॉली घेऊन आला होता. ट्रॉलीत एका बाजूला ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्यांची वेटोळी, दुसऱ्या बाजूला टरबुजाच्या वाफ्यांवरून ओढून काढलेला मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायला अंथरलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. वखारवाल्याने नळी वाकवून पाहिली, नखाने खरवडली, वजनकाट्यावर टाकली. मल्चिंगकडे नुसतं बोट दाखवून म्हणाला, “हाऊ माल नही चालस, भाऊ.” शेतकऱ्याने वाद घातला, नळी आणि पेपर एकाच जातीचं प्लास्टिक आहे म्हणून. त्याचं चूक नव्हतं. दोन्ही पॉलिएथिलीनच.

मग चालत का नाही? हिशेब करून पाहा. मल्चिंग पेपर साधारण २५ मायक्रॉन जाडीचा असतो. एक चौरस मीटर कागदाचं वजन भरतं २३ ग्रॅम. त्यावर तेवढ्याच जाडीचा, म्हणजे डोळ्यालाही जेमतेम दिसेल असा मातीचा थर बसला, तर ती माती होते ३० ग्रॅमच्या वर, कारण माती प्लास्टिकपेक्षा जड. अर्ध्याहून जास्त वजन मातीचं! चिनी अट पाळायची तर त्या चौरस मीटरवर मातीला मुभा आहे फक्त ०.१ ग्रॅमची. आपल्या काळ्या चिकण मातीत हे होणे नाही. धुवायला पाणी, ते गाळायला टाकी, वाळवायला वीज, एवढं करून हाती येणार २३ ग्रॅम. मग तो पेपर बांधावर पेटतो.

माती निदान दिसते तरी, धुताही येते. खरी गंमत पुढे आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भेसळ दुसऱ्या प्लास्टिकची असेल तर काय होतं?

जळगावच्या एमआयडीसीत चटया बनतात, देशभर जातात. त्यांचा धागा पॉलिप्रॉपिलीनचा, धंद्याच्या भाषेत पीपीचा, आणि त्यातला बराच वापरलेल्या प्लास्टिकच्या ‘दाण्या’पासून काढलेला. भंगार निवडायचं, दळायचं, धुवायचं, वितळवून शेवयांसारखं गाळायचं, कापलं की दाणा तयार. या पीपीच्या भंगारात पॉलिएथिलीनच्या पिशव्या आल्या तर? दोन्ही प्लास्टिकं फक्त कार्बन आणि हायड्रोजनची. दोन्ही तेलकट, दोन्ही पाण्यावर तरंगतात. २०० अंशांवर दोन्ही वितळतात. मिसळून जायला हवीत ना? मिसळत नाहीत. कितीही घोटा.

शाळेत आपण शिकलो की साखर पाण्यात विरघळते, स्पिरिट पाण्यात मिसळतं. का मिसळतं, याचं अर्धं उत्तर एन्ट्रॉपीत, म्हणजे रेणू किती तऱ्हांनी मांडले जाऊ शकतात याच्या मोजमापात आहे. वेगळं राहण्याचा मार्ग एक, मिसळून राहण्याचे मार्ग अगणित. म्हणून रेणू मोकळे सोडले की ते मिसळतात. सारंगखेड्याच्या यात्रेत दोन दिंड्या दोन टोकांनी शिरल्या आणि प्रत्येक जण सुटा फिरू लागला, तर घटकाभरात कोण कुठल्या दिंडीतला ते सांगता येणार नाही. आता समजा प्रत्येक दिंडीतल्या हजार हजार जणांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेत आणि सोडायचे नाहीत. गर्दी तेवढीच, पण स्वतंत्रपणे हलणारे किती? हजारातला एक. मिसळण्याच्या शक्यता कोसळल्या.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे अशी साखळी. पीपीच्या एका साखळीत दहा हजारांच्या घरात दुवे असू शकतात. याचं गणित पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलं. फ्लोरी यांना पुढे १९७४ चं नोबेल मिळालं. सूत्राचा गाभा असा:

मुक्त ऊर्जेतला बदल = ऊर्जेची देवघेव − (तापमान × एन्ट्रॉपीतली वाढ)

डावी बाजू ऋण आली तरच मिसळण घडते. दोन लहान रेणूंचे द्रव निम्मे-निम्मे मिसळले तर एन्ट्रॉपीतली वाढ दर मोलला (मोल म्हणजे रेणूंचा ठरावीक मोठा गठ्ठा) ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. २०० अंश सेल्सियस म्हणजे ४७३ केल्विन. गुणाकार सुमारे २,७०० ज्यूल. एवढं भांडवल हाताशी असलं की दोन रेणूंची एकमेकांविषयीची किरकोळ नावड, म्हणजे सूत्रातली ऊर्जेची देवघेव, खपून जाते. पण दहा हजार दुव्यांच्या साखळ्यांना हेच भांडवल दर दुव्यामागे दहा हजारांनी भागून मिळतं, म्हणजे ०.२७ ज्यूल. आणि पीपी व पॉलिएथिलीनच्या दुव्यांमधली नावड, अगदी सख्खे भाऊ असूनही, यापेक्षा जास्त भरते. डावी बाजू धन. मिसळण नाही. भट्टी आणखी तापवूनही फार काही साधत नाही, कारण तापमान थोडं वाढलं तरी भागाकार दहा हजारांनीच व्हायचा. (इथवर वाचताना डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: साखळी जितकी लांब, तितकी ती परक्यात कमी मिसळते. आणि प्लास्टिक हे प्लास्टिक असतं ते साखळी लांब असल्यामुळेच.)

त्यामुळे वितळलेल्या पीपीत पॉलिएथिलीनचे बारीक थेंब तसेच राहतात आणि थंड झाल्यावर गोठतात. थेंबाच्या कडेला दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या नसतात, म्हणून जोड कच्चा. चटईचा धागा गरम करून मूळ लांबीच्या कित्येक पट ओढतात, त्याशिवाय त्याला ताकद येत नाही. ओढताना तो तुटतो नेमका अशा थेंबापाशी. तार तुटली की मशिन थांबवा, पुन्हा ओवा, माणूस खोळंबा. भेसळीच्या मालाचा भाव का पडतो ते कारखान्यातल्या कामगाराला फ्लोरीशिवाय कळतं.

बाटलीचं प्लास्टिक, पीईटी, आलं तर वेगळी पंचाईत. ते २५० अंशांच्या वर वितळतं. पीपीच्या भट्टीत त्याचे तुकडे खड्यासारखे घन राहतात आणि जाळीत अडकतात. उलट पीईटीच्या भट्टीत पीव्हीसीचा तुकडा गेला तर तो त्या उष्णतेत जळून काळा पडतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो. ती वाफ पीईटीच्या साखळ्या तोडते आणि यंत्राचं लोखंडही खाते. बाटलीवरचं टोपण पाण्यात तरंगतं, बाटली बुडते, म्हणून ती दोन सहज वेगळी होतात. पीईटी आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात, घनता जवळपास सारखीच. वखारीत मग लायटर काढतात. तुकडा पेटवून वास घ्यायचा: मेणबत्तीचा आला तर पीपी नाहीतर पॉलिएथिलीन, नाकात झोंबला तर पीव्हीसी. पद्धत कामापुरती चालते. दिवसभर तो वास घेणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होतं, हे कुठल्याच बिलात येत नाही.

आणि शुद्ध पीपीसुद्धा अमर नाही. प्रत्येक वेळी वितळताना त्याच्या काही साखळ्या तुटतात, माल पातळ होत जातो. म्हणून दाण्यात नवा ‘व्हर्जिन’ माल मिसळावा लागतो. ‘कितीही वेळा रिसायकल करा’ हे वाक्य छापणारे हे सांगत नाहीत.

आता पुन्हा देशांच्या सीमांकडे. घातक कचऱ्याच्या व्यापारावरचा बासल करार १९८९ चा. भारत त्यात १९९२ पासून आहे. प्लास्टिक त्यात नीट आलं ते मे २०१९ मधल्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली १ जानेवारी २०२१ रोजी. तिने आखलेली रेघ पाहून मला तर टाळी वाजवावीशी वाटली. एकाच जातीचं, क्लोरीनसारखे हॅलोजन नसलेलं, जवळजवळ भेसळमुक्त प्लास्टिक पुनर्प्रक्रियेसाठी पाठवायचं असेल तर ते साधा माल. पीईटी, पीपी आणि पॉलिएथिलीन एकत्र असतील तरी चालेल, पण पुढे तिन्ही वेगळी करून वापरणार असाल तरच. बाकी सरमिसळ असेल, किंवा पीव्हीसी असेल, तर आधी घेणाऱ्या देशाला कळवा, त्याची लेखी संमती घ्या, मगच जहाज हलवा. म्हणजे वकिलांनी तीच रेघ ओढली जी फ्लोरीने ओढली होती. फक्त ‘जवळजवळ’ म्हणजे किती टक्के, ते करारात आकड्याने दिलेलं नाही, आणि भांडणं होतात ती तिथेच.

भारताचे नियम याहून कडक आहेत. विल्हेवाटीसाठी घातक कचरा आणायला मुळातच मनाई आहे. प्लास्टिकचा घन कचरा २०१६ च्या नियमांतही बंदच होता, पण विशेष आर्थिक क्षेत्रं आणि निर्यातप्रधान कारखाने यांना सूट होती. मार्च २०१९ मध्ये तीही काढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या हिशेबानुसार आपलाच प्लास्टिक कचरा वर्षाला सुमारे ४१ लाख टन भरतो, तेव्हा पाहुण्या कचऱ्याची हौस कशाला, हा युक्तिवाद रास्तच होता. कारखानदारांची तक्रारही अगदी खोटी नव्हती: परदेशी गाठ निवडून आलेली असते, आपली शहरं निवडून देत नाहीत. जुन्या टायरचंही तसंच. ते हवेशिवाय तापवून तेल काढण्यासाठी त्यांची आयात करायला २०२२ मध्ये बंदी आली.

तेलावरून आठवलं. ‘पाण्याच्या बाटल्यांपासून पेट्रोल’ काढणाऱ्या गावोगावच्या संशोधकांचे व्हिडिओ फिरतात. पिशव्या हवेशिवाय तापवल्या तर तेलासारखं काही निघतं, हे खरं. पण पाण्याची बाटली पीईटीची. तिच्यात ऑक्सिजन असतो, आणि ती तापवली की इंधनाऐवजी घन आम्लं निघून नळ्या चोंदतात. व्हिडिओतली बाटली दाखवायची असते, पेट्रोल बहुधा पंपावरचं. आणि रेशनच्या तांदळात ‘चीनचा प्लास्टिकचा तांदूळ’ शोधणाऱ्यांसाठी: ते वेगळे दिसणारे दाणे लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले असतात. तांदळाच्याच पिठाचे. शिजवा, मऊ होतात. पीपीचा दाणा तीन तास उकळा, १०० अंशांना त्याला काही होत नाही.

पुढची घडामोड युरोपातली. तिथल्या २०२४ च्या नव्या नियमानुसार २१ नोव्हेंबर २०२६ पासून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशांना, म्हणजे भारतासकट आशिया-आफ्रिकेतल्या बहुतेकांना, प्लास्टिक कचरा पाठवायला अडीच वर्षं बंदी. त्यातला बराचसा माल आता त्यांनाच निवडावा लागणार.

चीनने २०१८ साली आणखी एक काम केलं, त्याची बातमी आपल्याकडे झाली नाही. शेतातल्या मल्चिंग पेपरची किमान जाडी तिथे ८ मायक्रॉन होती, ती १० केली. त्यापेक्षा पातळ पेपर ओढताना फाटतो, तुकडे मातीत राहतात आणि जो निघतो तो मातीनेच भरलेला असतो. जाड पेपर महाग पडतो. पण अखंड निघतो, झटकता येतो, आणि गाठीत बांधता येतो.