फॉक्सप्रोची बिलं ब्राउझरवर का निघाली

मडगाव, म्हापसा, फोंड्यातल्या घाऊक दुकानांचं बिलिंग ब्राउझरवर नेण्याची धांदल आजची असली, तरी तिचं मूळ विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात आहे. तेव्हा धंद्याचं सॉफ्टवेअर म्हणजे डीबेस, क्लिपर नाहीतर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं. काळा पडदा, आकडा दाबला की पुढचा मेनू, एंटर मारत मारत बिल पुरं आणि शेजारी डॉट मॅट्रिक्सची करकर. ओळखीचा कुणी प्रोग्रामर दुकानाच्या रीतीप्रमाणे ते लिहून द्यायचा. चतुर्थीच्या गर्दीत कुणाला किती उधारी चालेल, कुठल्या मालावर किती सूट, हे कागदावर कुठेच नसायचं. ते कोडमध्ये असायचं, आणि प्रोग्रामर कधीच दुसऱ्या नोकरीला लागलेला. डेटा काय, एका रात्रीत हलतो; अडतं ते या नियमांपाशी.

मायक्रोसॉफ्टने 1992मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली. त्याच फॉक्सप्रोचा पुढचा अवतार असलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची 9.0 ही शेवटची आवृत्ती 2004ची. पुढची येणार नाही हे 2007मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी 2015मध्ये सपोर्टही संपला. दुकानदार तरी हलले नाहीत. मला त्यात आळस दिसत नाही. पावसाळ्यात वीज गेली, फोनची लाइन मेली, तरी यूपीएसवरचा एकटा पीसी बिलं फाडत राहायचा. पण जुना पीसी बिघडला की पंचाईत, कारण नव्या 64 बिट विंडोजवर 16 बिटचे डॉस प्रोग्राम चालतच नाहीत.

ज्यांनी घाईने ब्राउझर गाठला, त्यांचीही सुटका झाली नाही. त्या पिढीचे बरेच प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हएक्स तंत्रावर उभे होते, म्हणजे फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडणारे. काही जावावर चालायचे, पण क्रोमने 2015मध्ये जावाचं जुनं प्लगइन बंद केलं. 15 जून 2022ला इंटरनेट एक्सप्लोरर 11 निवृत्त झाला. आता मायक्रोसॉफ्टच्या नव्या एज ब्राउझरमधल्या ‘आयई मोड’वर एक्सप्लोररवाल्यांचं कसंबसं भागतं. नवं म्हणून घेतलेलं असं दुसऱ्यांदा जुनं झालं.

खरा धक्का मात्र करखात्याकडून आला. गोव्यात 2005मध्ये व्हॅट आला तेव्हा जुन्या प्रोग्राममध्ये डागडुजी करून भागलं होतं. 1 जुलै 2017च्या जीएसटीत ते जमेना: माल बेळगाव-कोल्हापूरहून आला तर आयजीएसटी, गोव्यातल्या गोव्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी, वर मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड. मग ई-इनव्हॉइस. ऑक्टोबर 2020मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालेली ही सक्ती 1 ऑगस्ट 2023पासून 5 कोटींवर उतरली. दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा. हे डॉसकडून कसं होणार?

आपल्याकडे आणखी एक गंमत. जुन्या मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या यादीत, एकच गाव ‘मडगाव’ आणि ‘मारगाव’ अशा दोन रोमन स्पेलिंगांनी नोंदलेलं, आडनावं कधी पोर्तुगीज वळणाची, कधी इंग्रजी. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाची दोन-तीन खाती. नव्या सिस्टिमला हे कळत नाही. जुन्या कारकुनालाच शेजारी बसवून खाती जुळवावी लागतात.

म्हणून पुष्कळ जण नुसती ओपनिंग बॅलन्स आणि येणं-देणं तेवढं नव्याकडे नेतात. पण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, त्यामुळे मागच्या वर्षांची बिलं काढायला जुना पीसीही चालू ठेवावा लागतो.